दगडाचा अभिप्रेत वाचक

१

सत्ता आपली प्रतिमा दगडात कोरते, हे विधान आज कोणालाच वादग्रस्त वाटणार नाही. आपल्या समीक्षाव्यवहारात ते इतके रुळले आहे की त्याच्या पुढचा प्रश्न विचारण्याची गरज आपल्याला भासेनाशी झाली आहे. तो प्रश्न असा, की ही प्रतिमा कोरली जाते ती कोणासाठी? कादंबरीला तिचा अभिप्रेत वाचक असतो आणि प्रत्यक्ष वाचक त्याहून वेगळा असू शकतो, हा भेद आपण वर्गात शिकवतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो. तट, दरवाजा, कमान, स्तंभ यांनाही आपण अलीकडे 'संहिता' म्हणू लागलो आहोत. पण त्यांच्या वाचकाची चौकशी मात्र 'प्रजा' किंवा 'शत्रू' अशा एखाद्या शब्दात उरकून टाकतो.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो दोन वाटांनी. एक वाट पुस्तकाची. पाउल झांकर या जर्मन पुरातत्त्वज्ञाचा ऑगस्टसच्या काळातील प्रतिमांच्या सामर्थ्यावरील ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आला. तो मी साहित्याचा अभ्यासक म्हणून वाचला, इतिहासाचा नव्हे. दुसरी वाट जन्माची. माझे घराणे राजपुरीच्या खाडीकाठचे, म्हणजे जुन्या भाषेत 'हबसाणा'तले. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत माझे आजोबा-आजी सिद्दी नबाबांची रयत होते. दारातून दिसणाऱ्या जलदुर्गाला आजी 'समोरचा कोट' म्हणत असे. त्या कोटाकडे पाहत तिने आयुष्य काढले, मात्र त्याच्या आत ती कधी गेली नाही. रोम मी पाहिलेले नाही. ते मला छायाचित्रांतून आणि आराखड्यांतून ठाऊक आहे. जंजिरा मला ठाऊक आहे तो खाऱ्या वाऱ्यासकट. या दोन विषम ज्ञानांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न आहे. त्याला संशोधन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

२

ऑगस्टस हा या विषयाचा प्रमाणनायक होय. आपल्याला विटांचे रोम मिळाले, आपण ते संगमरवराचे करून ठेवत आहोत, अशा अर्थाचे त्याचे उद्गार स्वेटोनियस या चरित्रकाराने नोंदवले आहेत. यादवीतून निघालेल्या एका विजेत्याने स्वतःला शांततेचा आणि पूर्वजांच्या धर्माचा रक्षक म्हणून कसे घडवले, हे त्याच्या इमारतींतून आणि पुतळ्यांतून वाचता येते. इसवी सनापूर्वी ९ साली अर्पण झालेल्या शांतिवेदीवर कोठेही रक्त नाही. मिरवणूक आहे, लहान मुले आहेत, वेलबुट्टी आहे. झांकरच्या विवेचनातील महत्त्वाचा भाग असा की या प्रतिमासृष्टीमागे प्रचाराचे मध्यवर्ती खाते नव्हते. सम्राट आणि त्याचा गौरव करू इच्छिणारे लोक यांच्या परस्परव्यवहारातून ती वाढत गेली. म्हणजे सत्तेच्या प्रतिमेचा कर्ता एकटी सत्ता नसते. तिच्या कृपेचे इच्छुकही त्या प्रतिमेचे सहलेखक असतात.

पण मग वाचक कोण? ऑगस्टसचा सर्वात प्रसिद्ध पुतळा १८६३ साली सापडला तो प्रिमा पोर्ता येथे, त्याची पत्नी लिव्हिया हिच्या ग्रामनिवासात. त्याच्या छातीवरील चिलखतावर पार्थियनांनी रोमचे हरवलेले ध्वज परत केल्याचा प्रसंग आहे. साम्राज्याच्या विजयाची ही गाथा तेथे वाचणार कोण, तर घरातले लोक, गुलाम आणि निमंत्रित पाहुणे. पार्थियन तर नक्कीच नव्हेत.

त्राजनचा स्तंभ इसवी सन ११३ मधला. सुमारे ३० मीटर उंचीच्या खांबाभोवती जवळपास २०० मीटर लांबीचा शिल्पपट्ट वर वर गुंडाळत गेलेला आहे आणि त्यावर डेसियातील युद्धांचे अडीच हजारांहून अधिक मानवाकृतींनी भरलेले आख्यान आहे. हे आख्यान वाचायचे तर वाचकाने खांबाभोवती तेवीस प्रदक्षिणा घालाव्या लागतील आणि त्याची दृष्टी गरुडाची असावी लागेल. शेजारच्या ग्रंथालयांच्या सज्जांवरून काही भाग दिसत असावा, असे काही अभ्यासक मानतात. तरीही वरची वेटोळी सामान्य डोळ्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. पॉल व्हेन या फ्रेंच इतिहासकाराने यावरून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष काढला. त्याच्या मते अशा कलाकृती प्रचार नसतातच. त्या प्रेक्षकाविना असलेल्या कलाकृती असतात. सत्ता तेथे कोणाला काही पटवून देत नसते. ती स्वतःचे वैभव उच्चारत असते आणि आपला उच्चार कोणी ऐकतो की नाही याची फिकीर न करणे हाच त्या वैभवाचा भाग असतो.

झांकर आणि व्हेन यांच्यामध्ये मला माझा जंजिरा दिसू लागला.

३

जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारापाशी एक शिल्प आहे. सिंहासारखे एक बळकट श्वापद. त्याच्या पंजांत हत्ती, शेपटीच्या विळख्यात हत्ती. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला या शिल्पाचा अर्थ ऐकवला जातो. तो साधारणपणे असा, की तुम्ही हत्तीएवढे असाल तर मी हत्तींना खेळवणारा वाघ आहे. या किल्ल्याकडे वाकड्या नजरेने पाहू नका. हे बोल बुऱ्हाणखानाच्या तोंडी घातले जातात. निजामशाहीच्या अमलात १५६७ ते १५७१ या काळात दगडी कोट बांधून घेणारा तो हाच.

हे वाचन आकर्षक आहे, आणि मी स्वतःही विद्यार्थ्यांना ते पुष्कळ वर्षे सांगत असे. त्यात सर्व काही आहे: वक्ता, श्रोता, संदेश. अडचण फक्त जागेची आहे. जंजिऱ्याचा दरवाजा दोन बुरुजांच्या आड अशा खुबीने बसवला आहे की समुद्रातून येताना अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. ही त्या दुर्गाच्या रचनेतील प्रसिद्ध करामत आहे. आता, जो दरवाजा शत्रूपासून लपवायचा, त्याच दरवाजावर शत्रूला उद्देशून धमकी का कोरावी? हे श्वापद दिसेल इतक्या अंतरावर जो शत्रू पोचला, त्याला ते वाचायला उसंत कोण देणार? आणि ज्याला उसंत मिळते, तो शत्रू कसला?

या शिल्पाचा प्रत्यक्ष वाचक मग वेगळाच निघतो. पहाऱ्यावर उभा राहणारा शिपाई, शिधासामग्री घेऊन येणारा कोळी, हिशेब घेऊन आलेला कारकून, भेटीस आलेला वकील असे लोक या दरवाजातून ये-जा करत. यांपैकी एकालाही किल्ला जिंकायचा नव्हता. त्या सर्वांना तो चालवायचा होता. शिल्प त्यांना सांगते की तुम्ही ज्याच्या चाकरीत आहात तो हत्तींना खेळवणारा आहे. सत्तेचे पहिले मन वळवणे शत्रूचे नसते, आपल्याच माणसांचे असते. किल्ले पुष्कळदा फितुरीने पडतात, ही गोष्ट दख्खनच्या राजकारणात कोणाला सांगावी लागत नव्हती. खुद्द जंजिराही मूळच्या कोळ्यांच्या हातून गेला तो युद्धाने नव्हे, युक्तीने, असेच परंपरा सांगते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे श्वापद बुऱ्हाणखानाची कल्पना नव्हे. ज्याला आपण शरभ म्हणतो ते दख्खनच्या दुर्गद्वारांवरचे रूढ आशयचिन्ह आहे. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मराठे अशा परस्परांशी लढणाऱ्या सत्तांनी ते आपापल्या दरवाजांवर बसवले. शैव पुराणकथेत नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने हे रूप घेतले असे सांगतात. पण ते कोरून घेणाऱ्यांत त्या कथेशी धर्माने काही संबंध नसलेले सरदारही होते. शरभ हा त्या अर्थी वैयक्तिक उद्गार नाही. तो पत्राच्या मायन्यासारखा संकेत आहे. मायना वाचून पत्र लिहिणाऱ्याचे मन कळत नाही, पण तो कोणत्या समाजात पत्र लिहीत आहे ते कळते. रेवदंड्याच्या कोटावरची पोर्तुगीज राजचिन्हे हाही असाच मायना होता. फरक एवढाच की त्याचा समाज समुद्रापलीकडे होता.

हा मुद्दा केवळ शिल्पाच्या अर्थापुरता नाही. शरभाला बुऱ्हाणखानाचा उद्गार मानले की त्याच्या पंजातले हत्ती कोण, हा प्रश्न ओघानेच येतो आणि त्याची उत्तरे ऐकणाऱ्याच्या काळाप्रमाणे बदलत जातात. होडीतल्या एखाद्याला ते हत्ती आपण आहोत असे वाटू लागते आणि सोळाव्या शतकातल्या दगडावर त्याचा आजचा राग जाऊन बसतो. शिल्प ज्या संकेतव्यवस्थेचे आहे तिची ओळख करून देणे, हे अशा वेळी समीक्षकाचे केवळ पांडित्य राहत नाही. ते त्याचे नागरिक म्हणून कर्तव्य होते. या कोटासमोरच्या गावांत पिढ्यानुपिढ्या शेजारी राहत आलेल्या लोकांना परस्परांचे हत्ती ठरवणारे वाचन मी वर्गात निमूटपणे चालू देऊ शकत नाही.

४

जंजिऱ्याच्या वायव्येस कांसा नावाच्या खडकावर शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग उभारला. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी लिहिलेले एक कडक पत्र उपलब्ध आहे. आरमाराकडे पाठवायचा पैसा आणि धान्य त्याने वेळेवर पोचवले नाही, म्हणून त्याची त्यात कानउघाडणी आहे. आणि राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवली आहे, अशा आशयाचा उल्लेखही त्याच पत्रात आहे. मला या पत्राचे महत्त्व असे वाटते की त्यात वास्तुरचनेचा राजकीय अर्थ आणि तिची अर्थव्यवस्था एकाच कागदावर येतात. समोरच्या संहितेला दुसऱ्या संहितेने उत्तर द्यायचे, हे राजाला ठाऊक आहे. पण ते उत्तर सुभ्यातून येणाऱ्या रसदेवर उभे आहे, हेही त्याला तितकेच ठाऊक आहे. पद्मदुर्गाच्या पडकोटावरील चर्या कमळाच्या पाकळ्यांसारख्या आहेत, त्या जंजिऱ्यावरून ओळखू येत असतील की नाही, कोण जाणे. ज्याने त्या घडवल्या त्याने मात्र त्या घडवल्या आहेत.

रायगडावर हा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. ६ जून १६७४ रोजीच्या राज्याभिषेकाला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन उपस्थित होता. त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंची चिन्हे बारकाईने टिपली. उजव्या हाताला भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांची दोन सोनेरी मत्स्यमुखे होती, डाव्या हाताला घोड्यांची पुच्छे, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. ही सर्व मुसलमानी रिवाजाप्रमाणे राज्यसत्तेची चिन्हे आहेत, असे त्याचे आकलन होते. दरवाजाशी त्याने दोन लहान हत्ती आणि दोन घोडे पाहिले आणि इतक्या अवघड वाटेने ती जनावरे वर आणली तरी कशी, याचे त्याला नवल वाटले.

या एका नोंदीत केवढी सामग्री आहे! वैदिक विधीने होणारा अभिषेक आणि त्याच्या शेजारी मोगल दरबाराला परिचित असलेले मत्स्यचिन्ह व मध्य आशियाई परंपरेतली अश्वपुच्छे. यात विसंगती दिसते ती आपल्या आजच्या डोळ्यांना. सार्वभौमत्व म्हणजे काय, हे तत्कालीन दरबारांना ज्या भाषेत कळत होते त्या भाषेत ते सांगितले गेले. शास्त्राला ज्या भाषेत मान्य होते त्या भाषेतही सांगितले गेले. वाचक दोन होते, म्हणून लिप्या दोन होत्या. आणि हत्तींचे लहान असणे हीसुद्धा एक लिपीच होती. इंग्रज वकिलाने त्या हत्तींवरून वाटेचा अवघडपणा वाचला, म्हणजे नेमके जे वाचायला हवे होते तेच वाचले.

रायगडावरच्या जगदीश्वराच्या मंदिरात दोन लेख आहेत. भिंतीतला लेख संस्कृत श्लोकांत आहे. शके १५९६, आनंद संवत्सर असा काळ सांगून तो गडावरच्या विहिरी, तळी, उद्याने, स्तंभ, गजशाळा, राजसदने यांचे वर्णन करतो. हा गड वाणीचा विषय होऊ शकत नाही असे वाणीनेच म्हणतो. आणि हे सारे हिराजीने निर्माण केले, ते चंद्रसूर्य असेतोवर नांदो, असा आशीर्वाद देतो. दुसरा लेख पायरीवर आहे. तो मराठीत आहे, एका ओळीचा आहे, आणि सेवेत तत्पर असलेल्या हिरोजीचे नाव एवढाच त्याचा ऐवज आहे. ते आडनाव कोणी 'इंदुलकर' वाचतात, कोणी 'इटळकर'. महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ आपल्या नावावर पडावी म्हणून त्याने पायरी मागून घेतली, अशी आख्यायिका आहे.

दोन्ही लेखांत एकाच माणसाचे नाव आहे, पण ती दोन वेगळी वाङ्मयीन विधाने आहेत. संस्कृत लेखातला हिराजी निर्माता आहे आणि तो उभ्या भिंतीवर, वाचणाऱ्याच्या नजरेसमोर आहे. मराठी लेखातला हिरोजी सेवक आहे आणि तो पायाखाली आहे. संस्कृत लेख पंडिताला हवा, काळाला हवा. मराठी लेख रोज येणाऱ्याला. राजाचे नाव संस्कृत लेखात आहे, पायरीवर नाही. तरीही पायरीवरची ओळ वाचणारा प्रत्येक जण प्रथम राजाचे पाऊल मनात आणतो. अनुपस्थित कर्त्याला इतके उपस्थित करणारी दुसरी ओळ मला मराठी शिलालेखांत माहीत नाही.

येथे रोमकडे एकदा वळून पाहावेसे वाटते. पँथिऑनची आजची इमारत हेड्रियनच्या काळात पुरी झाली. परंतु तिच्या दर्शनी भागावरील मोठ्या अक्षरांत ती अग्रिप्पाने बांधल्याचे लिहिले आहे, कारण त्याने बांधलेली आधीची इमारत तेथे होती. ऑगस्टसच्या आत्मवृत्तपर शिलालेखात आणखी मार्मिक विधान आहे. पाँपेचे नाट्यगृह आपण मोठ्या खर्चाने दुरुस्त केले, पण त्यावर स्वतःचे नाव कोरले नाही, असे तो सांगतो. नाव न कोरल्याची गोष्ट कोरून ठेवणे! विनयाचा हा कमाल दर्जाचा अलंकार आहे. तो लेख रोममध्ये ब्राँझवर होता. आज तो आपल्याला मुख्यतः अंकाऱ्यातील मंदिराच्या भिंतीवरून वाचता येतो. ऑगस्टस आणि हेड्रियन यांनी वापरलेला विनय वरून खाली येणारा आहे. हिरोजीचा विनय खालून वर जाणारा आहे. पहिला सत्तेला शोभा आणतो. दुसरा सत्तेच्या वास्तूत एका कारागिराची जागा पक्की करून ठेवतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी रायगडावर आग लागली. राजवाड्याचा लाकडी भाग राहिला नाही, जोती उरली. पायरी आहे तेथे आहे.

५

या किनाऱ्याचा रोमशी संबंध केवळ माझ्या तुलनेपुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सेमुल्ला आणि मंदागोरा ही बंदरे येतात. सेमुल्ला म्हणजे चौल. मंदागोरा म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाचे मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. ज्या व्यापाराबद्दल तो कुरकुरत होता, त्याची एक वाट आमच्या खाडीतून जात असावी.

मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखाची रचना मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. सुरुवात सत्तेने होते: महाभोजी सादगेरी विजया, तिचा पुत्र महाभोज मांदव खंदपालित. मग त्याच्या आश्रयाने राहणारे एक कुटुंब येते. सुलासदत्त आणि उत्तरदत्ता यांचे पुत्र, त्यांतला शिवभूती हा लेखक, आणि लेणे दान करणारा त्याचा भाऊ शिवम. त्याच्यासह त्याची पत्नी विजया. मुलांची नावे येतात, त्यांनी दगडातील शिल्पकाम दिले. मुलींची नावे येतात, त्यांनी खांब दिले. राजाचे नाव येथे कालनिर्देशासारखे आहे, गौरवाचा विषय कुटुंब आहे. कुड्याच्या इतर लेखांत वैद्य आहेत, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. त्याच शतकांत रोममध्ये सम्राट आपल्या नावाने संगमरवर उभारत होते. आमच्या खाडीकाठी एका कारकुनाच्या घरातल्या मुली आपापल्या नावाने खांब देत होत्या.

म्हणून आमच्याकडे सत्तेने प्रतिमा घडवल्याच नाहीत, असे म्हणता येत नाही. किनारा आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांनी आपल्या राजकुलाच्या मूर्ती कोरल्या होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजपुत्र. तेथील मोठ्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची, म्हणजे गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची यादी आहे. ऑगस्टसच्या लेखातल्या दानांच्या यादीशी तिची तुलना सहज सुचते. पण मूर्ती गेल्या. पावलांच्या खुणा आणि वरची नावे राहिली. याच्या उलट प्रकार घारापुरीचा. शिव तेथे पूर्ण वैभवाने उभा आहे, पण लेण्यातला लेख पोर्तुगीजांनी काढून स्वदेशी पाठवला आणि तो नाहीसा झाला. सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाकडे पुष्कळ विद्वान त्या लेण्याचे कर्तृत्व देतात, तेही मुख्यतः नाण्यांच्या आधारे. नाणेघाटात नावाला चेहरा नाही, घारापुरीत चेहऱ्याला नाव नाही. सत्तेला दोन्ही एकत्र टिकवायचे होते आणि काळाने त्यांची फारकत केली. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो. पुरातत्त्वाच्या परिभाषेत सांगायचे तर तो भंगुर असतो.

६

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सत्तेच्या प्रतिमेचा अभिप्रेत वाचक तिच्याच आश्रयातला माणूस असतो, हे मी वर म्हटले. मग ज्याला तिने अभिप्रेत मानलेच नाही, त्याच्या वाचनाचे काय?

दगडी कोटाआधी त्या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता. लाकडी ओंडके रोवून केलेला, रामा पाटलाच्या नावाशी जोडलेला. त्याचे एक लाकूडही आज दाखवता येत नाही. त्याच्यावर काय कोरले होते, काही कोरले होते का, या प्रश्नांना पुरावाच नाही. लाकडात राहणाऱ्यांचा इतिहास दगडात राहणाऱ्यांच्या इतिहासात एका वाक्याची प्रस्तावना होऊन बसतो. माझ्या लहानपणी मासेमारीहून परतणारे शेजारी मात्र समोरचा कोट आणि कांसा यांची सांगड घालून आपली होडी कोठे आहे ते ठरवत. राजपुरीची आणि दुसरी राजपुरी यांच्यातला राजकीय संवाद त्यांच्या लेखी दोन खुणांमधले अंतर होता. आजीच्या 'समोरचा कोट' या शब्दांतही मालकाचे नाव नव्हते. होते ते फक्त स्थळ, तेही तिच्या दारापासून मोजलेले.

याला प्रतिकार म्हणावे काय? तसा मोह होतो. अलीकडे आपण प्रत्येक दुर्लक्षात प्रतिकार शोधतो. पण आजी नबाबाविरुद्ध नव्हती आणि त्याच्या बाजूचीही नव्हती. तिला पाणी भरायचे होते. मला एवढेच म्हणता येते की तिचे वाचन सत्तेच्या वाचनाला समांतर चालले आणि त्याला कोठेही छेदले नाही.

कोर्लईचे उदाहरण अधिक बोलके आहे. चौलच्या खाडीच्या मुखाशी असलेला तो डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकला आणि १७४० मध्ये चौलचा प्रदेश मराठ्यांच्या हवाली करून ते निघून गेले. वरचा किल्ला ओस आहे. पण पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात एक भाषा बोलतात, तिला ते 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज वंशाचे आहेत. वाक्याची घडण मात्र मराठीच्या सहवासाने मराठीच्या अंगाने गेलेली आहे. जे लोक त्या साम्राज्याचे शिपाई आणि चाकर होते, त्यांनी साम्राज्याची भाषा घेतली, आपल्या वाक्यात बसवली आणि साम्राज्य गेल्यावरही आपल्याजवळ ठेवली. डोंगरावरच्या तटाने जे साधले नाही ते चुलीपाशी साधले गेले, आणि त्याला 'आमची' हे विशेषण लागले. अनेक चुलींवर आता मराठी शिरते आहे. ही भाषा उद्या मावळली तर तिचे जोतेही उरणार नाही. म्हणून तटाइतकीच तिचीही जतनाची यादी व्हायला हवी.

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. दोन्ही नावे किल्ल्यांची. आपण आजही आपला पत्ता किल्ल्यांनीच सांगतो, म्हणजे सत्तेच्या वास्तूचे वाचक आपण अजून आहोतच. या वाचकपणातून सुटका आहे असे मला वाटत नाही, आणि समीक्षकाने ती मिळाल्याचा आव आणू नये. दगडात सत्ता शोधण्याची आपली हौस अशी की आपणही हळूहळू तिला अभिप्रेत असलेले वाचक होतो; शरभ दिसतो, खांब देणाऱ्या मुली दिसत नाहीत. त्यावर मला एकच उपाय सुचतो, आणि तो अध्यापनाचा आहे. विद्यार्थ्यांना जंजिऱ्याला न्यायचे तर त्याच फेरीत कुड्यालाही न्यावे, आणि रायगडाच्या भिंतीवरचा श्लोक समजावल्यानंतर पायरीपाशीही थांबावे.

पद्मदुर्गाच्या तटावर एक नवल दिसते. शतकानुशतकांच्या लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांना सांधणारा चुना पोळ्याच्या कडांसारखा बाहेर उभा राहिला आहे. गवंड्याने ज्याला केवळ दोन दगडांमधली जागा भरायला सांगितले होते, त्यानेच आता तटाचे रूप धरून ठेवले आहे. त्या चुन्यासाठी लागलेले शिंपले कोणी वेचले, भट्ट्या कोणी पेटवल्या, याचा लेख तेथे नाही. तो वाचण्याची सवय आपल्याला करून घ्यावी लागेल.